कारण : खासगी

मी माझा मोबाईल नंबर कोणाला देत नाही. हे मी इतक्या दुकानांत, इतक्या ठणकावून सांगितलंय की राजाराम पुलापासून कमिन्स कॉलेजपर्यंत कोणालाही ‘ते नंबर न देणारे काका’ विचारा, तो तुम्हाला आमची इमारत, मजला आणि बंद पडलेली लिफ्ट यांसह पत्ता सांगेल.

यामागे तत्त्व आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या याचिकेवर हे झालं ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले. २०१२ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, ते आधारच्या विरोधात न्यायालयात गेले. मी बँकेतून निवृत्त झालेला आणि त्यांच्या मानाने अगदीच पोरसवदा. त्यांनी भारत सरकारला अडवलं, मग मला मसाल्याच्या दुकानातल्या मुलीला अडवायला काय हरकत आहे?

निकाल ५४७ पानांचा आहे. मूळ कागद बघितल्याशिवाय सही करायची नाही ही बँकेतली सवय, म्हणून मी तो छापून घ्यायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, “काका, या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा.” म्हणजे खासगीपणाचा निकाल छापायला आधी नंबर द्या! मी पेनड्राइव्ह पुढे केला. त्याने तो लावला आणि पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला, “यातलं कुठलं?” पडद्यावर आधीच्या गिऱ्हाइकांचा संसार पसरला होता. कोणाचा भाडेकरार, कोणाचा लग्नाचा बायोडाटा फोटोसकट, कोणाचा थायरॉइडचा रिपोर्ट. मी नजर वळवली. म्हणजे मुलीची उंची पाच फूट तीन इंच आहे आणि तिला ट्रेकिंग आवडतं एवढं वाचून झाल्यावर वळवली.

दुकानांशी माझा लढा मात्र कायदेशीर आहे. मे २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं होतं, की मोबाईल नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नका. हे मी बिलाच्या खिडकीवर नेहमी तारीखवार सांगतो. एकदा सांगत असताना माझ्यामागे रांग बरीच वाढली. धन्याजिऱ्याची पाकिटं घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत घड्याळाकडे. तेवढ्यात मागून आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचा आवाज आला, “अगं, लिही गं तू. मला पाठ आहे त्यांचा.” आणि त्यांनी दहाच्या दहा आकडे, मधे श्वास न घेता, अख्ख्या रांगेला ऐकवले.

मुलीने नंबर टाकला. “सर, यावर आठशे चाळीस पॉइंट जमलेत. मॅडम नेहमी लावतात. वापरायचे का?”

तत्त्व तत्त्वाच्या जागी. वापरा म्हटलं.

आधारच्या बाबतीत तर सरकारनेसुद्धा माझं ऐकलं होतं. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारच्या झेरॉक्स कोणालाही देत सुटू नका, शेवटचे चार आकडे दिसतील एवढंच द्या. मी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘मी काय म्हणत होतो?’ २९ मेला सरकारने पत्रक मागे घेतलं. सेक्रेटरींनी तेही ग्रुपवर टाकलं आणि खाली काही लिहिलं नाही. पण ते दोन दिवस मी बरोबर होतो, आणि ते मी कोणाला विसरू देत नाही.

गेटवरचं रजिस्टर हा निराळाच प्रकार आहे. सुतळीने बांधलेलं पेन, चहाचे गोल डाग, नाव, नंबर, गाडी, कोणाकडे आणि कारण. पाच रकाने, सगळे उघडे, कोणीही उभ्या उभ्या मागची चार पानं वाचावीत. मी डहाणूकर कॉलनीत एका मित्राकडे गेलो होतो तेव्हा ‘कारण’च्या रकान्यात बाणेदारपणे ‘खासगी’ असं लिहिलं. वॉचमनने ते वाचलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि इंटरकॉम उचलला. “वहिनी, एक गृहस्थ आलेत. नंबर देत नाहीत. साहेबांकडे काहीतरी खासगी काम आहे म्हणतात. सोडू का?” वर पोचलो तेव्हा मित्र आणि त्याची बायको एकमेकांशी बोलत नव्हते. मित्राने काही वर्षांपूर्वी शेअरमध्ये घातलेले पैसे त्या संध्याकाळी बाहेर आले. मला चहासुद्धा मिळाला नाही.

एवढा सावध माणूस असून आमच्या दाराला कॅमेऱ्याची बेल बसली. ती मीच आणली. कोण आलंय ते दार न उघडता दिसावं, त्याच्याशी आतूनच बोलता यावं, आणि वर्गणीवाल्यांना आपण घरात आहोत हे कळू नये, हे खासगीपणाला धरूनच होतं. शिवाय या भागात आता आडोसा राहिलाय कुठे? अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला विधवांचा आश्रम इथे हिंगण्याला आणला तेव्हा चहूबाजूंनी माळ होता आणि माळावर एक झोपडी. शहर इतकं लांब, की शिकवायला ते फर्ग्युसनला रोज चालत जायचे. ती झोपडी संस्थेच्या आवारात अजून जपून ठेवलीय. माळ मात्र कोणी जपला नाही. आज आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या इमारतीतल्या कुकरची शिट्टी ऐकून मी आमचा गॅस बंद करतो.

बेल बसवायला आलेल्या मुलाला मी आधी थोडी पार्श्वभूमी दिली. २०१६ साली मिराई नावाच्या एका व्हायरसने जगभरचे असलेच कॅमेरे ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. कसे घेतले? कारखान्यातून आलेला पासवर्ड लोक बदलत नाहीत, म्हणून. त्या व्हायरसकडे असल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, तेवढी पुरली. मुलगा भिंतीला भोकं पाडत होता. “मग तुमचा कुठला टाकू?” त्याने विचारलं. मी रात्री बसून तयार केलेला सोळा अक्षरी पासवर्ड खिशातून काढला.

“मोठ्याने सांगा काका, ड्रिल चालू आहे.”

मी मोठ्याने सांगितला. कॅपिटल कुठलं, स्मॉल कुठलं, मधे डॉलरचं चिन्ह, सगळं जिन्यात उभं राहून. वरच्या मजल्यावरचा चिंटू नंतर आठवडाभर तो परवच्यासारखा म्हणत जिना उतरायचा.

मग त्याने अ‍ॅपसाठी नंबर मागितला. मी नाही म्हणालो. नंबर नसेल तर बेल चालू होत नाही, तो म्हणाला. मग नको होऊ दे, मी म्हणालो. आतून ही आली, ओल्या हाताने फोन पुढे केला आणि म्हणाली, “माझा टाक रे बाळा.” दोन मिनिटांत बेल चालू झाली. मी जिंकलो होतो. माझी एक ओळसुद्धा त्या कंपनीकडे गेली नव्हती.

पुढच्या महिन्यात ही मुलीकडे बंगळूरला गेली आणि या विजयाचा अर्थ उलगडत गेला. दारात पान हललं तरी फोटो बंगळूरला. तिथे तो ही बघते, मुलगी बघते, आणि मी घरात असून मला काही दिसत नाही, कारण मी अ‍ॅपमध्ये नाही. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी फिरून परत आलो. हातात कापडी पिशवी, पिशवीत वर मेथीची जुडी. कुलपात किल्ली घातली आणि दार बोललं.

“अहो, त्या मेथीखाली काय आहे?”

“कुठे काय?”

“पिशवीला खालून तेल आलंय.”

आलं होतं. रुपयाएवढा डाग, आणि बघता बघता वाटीएवढा झाला. समोरचं दार किलकिलं झालं. “बटाटेवडे असतील,” वहिनी बेलकडे बघून म्हणाल्या. “कोपऱ्यावरच्या गाडीवर दिसले होते मगाशी.” त्यावर बेलमधून मुलीचा आवाज: “बाबा, सव्वापाचला निघालात आणि पाच बत्तीसला परत? डॉक्टर चाळीस मिनिटं म्हणाले होते ना?”

त्या रात्री मी डेटा संरक्षणाचा कायदा काढून बसलो. २०२३चा कायदा, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, दंड अडीचशे कोटींपर्यंत. वाचताना बरं वाटत होतं. मग तिसरं कलम आलं. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही. म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीने माझा वडा बघितला तर तिला जाब विचारता येईल. हिने बघितला तर संसदेचं काही म्हणणं नाही. हा कायदा करणारी माणसं लग्न झालेली होती, हे त्या एका कलमावरून कळतं.

मग मी स्वतःच उपाय केला. दुसऱ्या दिवशी परत येताना बेलच्या डोळ्यावर बाजूने चिकटपट्टी मारली. फोन माइकमधून ऐकतो म्हणून संध्याकाळी मी तो चकलीच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो, तसा ठेवला. ताट घेतलं, वडे ठेवले, तळलेली मिरची बाजूला. पहिला घास तोंडात आणि बाहेर पावलं वाजली. बंगळूरला एकदम अंधार दिसला होता, पाठोपाठ हिने केलेले सगळे फोन चकल्यांमध्ये वाजून गेले होते. तिने सेक्रेटरींना कळवलं, सेक्रेटरींनी वॉचमनला, आणि आमची जादा किल्ली वहिनींकडे असतेच. दार उघडून तिघं आत आले. वॉचमनच्या हातात काठी होती, वहिनींच्या हातात लाटणं, सेक्रेटरींच्या हातात फोन, आणि फोनवर ही.

“चोर कुठाय?” वॉचमनने विचारलं.

माझं तोंड भरलेलं होतं. सेक्रेटरींनी फोन ताटाकडे वळवला. तपासणी झाल्यावर उरलेले वडे तिघांनी संपवले, गार होतील म्हणून.

पुढच्या सभेत वहिनींनी बेलचा विषय काढला. कॅमेऱ्यात त्यांचं दार दिसतं, चपलांचं कपाट दिसतं, कोण येतं-जातं ते सगळं बंगळूरला कळतं. इतक्या वर्षांत या सोसायटीत खासगीपणाचा एक तरी खरा मुद्दा निघाला म्हणून मला भरून आलं. मी उठून वहिनींच्या बाजूने, म्हणजे माझ्याच घराविरुद्ध बोललो. पुट्टस्वामी सांगितले, कलम २१ सांगितलं, नऊपैकी चार न्यायमूर्तींची नावं सांगितली. बेल आजच उतरवा, म्हणालो.

“उतरवा कुठे म्हणतेय मी?” वहिनी म्हणाल्या. “माझ्या दारात कोण येतं ते बंगळूरला कळतं आणि मला कळत नाही, हे बरोबर आहे का? मलाही जोडून द्या.”

ठराव एकमताने मंजूर झाला. म्हणजे मी सोडून. सभा चालू असतानाच हिने बंगळूरहून वहिनींना जोडलं. मग सुरक्षेसाठी सेक्रेटरी जोडले गेले, सेक्रेटरींनी वॉचमनचं नाव सुचवलं, आणि चिंटूने पासवर्ड आपल्याला येतो असं सांगितल्यावर त्याच्या आईचंही नाव चढलं.

परवा दुपारी बेल वाजली. मी उठेपर्यंत आमच्या बेलमधून वहिनींचा आवाज जिनाभर घुमला, “त्यांना उठवू नका हो, तिथेच पायरीवर ठेवा. इसबगोल आहे!”