ज्यांना झालं, ते सभेला येत नाहीत

आमच्या सोसायटीत सध्या दोनच पक्ष आहेत. पार्किंगचं भांडण मिटलेलं नाही, नुसतं मागे पडलंय.

पहिला पक्ष लिफ्टचं बटण कोपरानं दाबतो, कोथिंबिरीची जुडी पोटॅशच्या पाण्यात बुचकळतो आणि संध्याकाळी कोपऱ्यावर पाणीपुरी खातो. पुरीतून आरपार गेलेला अंगठा त्याला दिसत नाही.

दुसऱ्या पक्षाचे अध्वर्यू म्हणजे तळमजल्यावरचे काका. "आम्ही विहिरीचं पाणी प्यायलो, मातीत लोळलो. काय झालं आम्हाला?" खरंय, काही झालं नाही. ज्यांना झालं ते सोसायटीच्या सभेला येत नाहीत. भावंडं किती, असं मी सहज विचारलं. "नऊ. जगलो सहा," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

तिसऱ्या मजल्यावर कांजिण्या आल्याचं कळताच काकांनी नातवाला तिकडे खेळायला धाडायचा घाट घातला; एकदाचं होऊन जाऊ दे! आता कांजिण्यांचा विषाणू बरं वाटल्यावर जागा सोडत नाही. पागडीच्या भाडेकरूसारखा मज्जातंतूंत ठाण मांडतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठू शकतो. काकांना गेल्या वर्षीच नागीण झाली होती. ती उष्णतेनं, असं त्यांचं ठाम मत आहे.

त्यात काकांना शास्त्राधार मिळाला. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकानं मांडलं, की भावंडांच्या गोतावळ्यात, विशेषतः थोरल्यांच्या हाताखाली वाढलेल्यांना परागकणांची ॲलर्जी कमी होते, बहुधा भावंडांकडून लागलेल्या जंतूंमुळे. काका इथवरच वाचतात. शरीराला ओळख हवी ती मातीतल्या, गोठ्यातल्या, आतड्यातल्या जुन्या सोबत्यांची, गोवराची नव्हे, असं पुढच्या संशोधकांनी म्हटलं. तो भाग व्हॉट्सॲपवर आला नाही. गोवर तर कमावलेलंही घालवतो. लस न घेतलेल्या मुलांच्या २०१९ च्या एका अभ्यासात गोवरानंतर जुन्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झालेल्या आढळल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत गोवरानं मुलं दगावली. तिथं माती, गर्दी, जंतू, कशाचाच तुटवडा नव्हता. लसीकरण तेवढं अपुरं होतं.

रविवारी सभेत तोडगा निघाला. लिफ्टमध्ये सॅनिटायझर, बागेत एक ब्रास माती. मातीचा रंग कोणता, यावर तासभर खल झाला. लसीकरणासाठी हॉल मागणाऱ्या आशाताईंचा अर्ज वेळेअभावी पुढच्या सभेत घेऊ, असं सेक्रेटरी म्हणाले. आशाताईंनी मागितलेल्या दिवशी हॉल योगवर्गाला दिलाय. विषय, रोगप्रतिकारशक्ती.