सर, यादीत नाव घातलंत का?

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबी, प्राध्यापकांच्या मुलाखती जून-जुलैत महाराष्ट्रभर होतात आणि इतक्या गोंधळातही पार पडतात. याचं श्रेय कोणी संस्थेला देऊ नये. ते जातं सीएचबीच्या जुन्या उमेदवाराकडे. जाहिरातीत 'सकाळी ११ वाजता, मूळ कागदपत्रांसह, स्वखर्चाने' एवढंच असतं; कुठल्या इमारतीत, ते नसतं. अकराला ऑफिसात शिपाई एकटा असतो आणि विषयतज्ज्ञ दुसऱ्याच कॉलेजात मुलाखती घेत असतात. अशा वेळी हा नेट-सेट, पीएच.डी. गृहस्थ फाइलीतून कोरा कागद काढतो, समास आखतो आणि विषयवार यादी लिहायला घेतो. तासाभराने क्लार्क बाहेर येऊन त्यालाच विचारतो, "सर, इंग्रजीचे किती झाले?" स्टेपलर, गोंद, जादा फोटो, सगळं त्याच्या बॅगेत. "मॅडम, झेरॉक्सचे दोन संच ठेवा, एक ते हरवतात," असं तो नवख्या मुलीला बजावतो. शासनाने २०१५ मध्ये स्वसाक्षांकन मान्य केलं, हे तिथे त्यालाच ठाऊक असतं. तरी वाद नको म्हणून राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का तो आधीच मारून आणतो.

कोणी म्हणेल, नियम आहेत, निवड समिती आहे. आहेत की. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत नियमित सहायक प्राध्यापकाचे शैक्षणिक गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच धरले आहेत, निवड मुलाखतीवरच. म्हणजे आयुष्यभराच्या अभ्यासाचा निकाल लागायचा तो मुलाखतीच्या दहा मिनिटांत, आणि त्यातली चार चहात जातात. तासिकावाल्याला तर शिकवलेल्या वर्गासाठी दर वर्षी नव्याने 'आपला परिचय करून द्या' ऐकावं लागतं. परिचय विचारणारे प्राचार्य त्याला गेल्या वर्षीच्या सुपरव्हिजनपासून ओळखत असतात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: गरजू माणूस आणखी काय करणार? कबूल. पण त्याच्या शहाणपणामुळेच संस्थेला आपला कारभार ढिसाळ आहे याचा पत्ता लागत नाही. यादी नसती तर अकराला आरडाओरडा झाला असता आणि पुढच्या वर्षी निदान खोली क्रमांक छापून आला असता. हा मात्र संध्याकाळी पाचला, अर्थशास्त्राचे तज्ज्ञ येणार नाहीत असं कळल्यावर, सगळ्यांचे नंबर घेऊन 'मुलाखत पुढील तारीख' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढतो आणि क्लार्कला ॲडमिन करतो.