पंधरा ते पन्नास

नागपूरनं देशाला संत्री दिली, झिरो माइल दिला आणि आता भंगार धोरणही दिलं. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण १८ मार्च २०२१ रोजी लोकसभेत मांडलं ते आमच्याच शहराच्या खासदारांनी, म्हणजे नितीन गडकरींनी. त्यामुळे धरमपेठेत पोर्चमध्ये ताडपत्रीखाली फिएट झाकून ठेवणाऱ्या गृहस्थांची मोठी पंचाईत झाली आहे. मत ज्यांना द्यायचं, गाडीही त्यांच्यापासूनच लपवायची.

आता जुन्या गाडीचं सरकारी आयुष्य कसं असतं ते पाहा. पंधराव्या वर्षापर्यंत ती गाडी असते. पंधरा संपली की संशयित होते. आरटीओत नेऊन, तपासून, नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. विसाव्या वर्षी ती जवळजवळ गुन्हेगार ठरते. आणि पन्नास पूर्ण झाली की एका रात्रीत राष्ट्राचा वारसा! जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनाला मोठी छेडछाड न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्यानं नोंदणी असेल तर नंबरात ‘व्हीए’ अशी खास अक्षरं. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं.

धोरण आणि हे नियम दोन्ही २०२१चेच, दोन्ही एकाच मंत्रालयाचे. एका टेबलावरून फर्मान निघालं की म्हातारी झाली, मोडा. शेजारच्या टेबलावरून निघालं की म्हातारी झाली, जपा. मधल्या पस्तीस वर्षांत तिनं काय खायचं आणि कुठं राहायचं, याची फाइल बहुधा तिसऱ्या टेबलावर असेल. पंधरा, वीस, पंचवीस करत पंचेचाळीसपर्यंत मोजा: पन्नाशी गाठायला सात वेळा आरटीओची पायरी चढावी लागते. डिसेंबर १९८३मध्ये निघालेली पहिली मारुती ८०० व्हिंटेज होईल ती २०३३ साली. तोवर जी वाचेल ती वारसा. उरलेल्यांची पत्रा म्हणून विल्हेवाट.

बरं, पन्नाशी गाठली म्हणून सुटका आहे का? छे. व्हिंटेज म्हणून नोंद झाली की ती रोजच्या वापरात चालवायची नाही. रॅलीला न्या, प्रदर्शनाला न्या, तांत्रिक संशोधनाला न्या, पेट्रोल भरायला न्या, दुरुस्तीला न्या. भाजी आणायला नेऊ नका. एकोणपन्नासाव्या वर्षी ज्या गाडीतून आईला डॉक्टरकडे नेलं, तिच्यातून पन्नासाव्या वर्षी नेलं तर नियमभंग. आमच्या ओळखीचे एक निवृत्त अभियंता आता प्रत्येक फेरीला ‘पेट्रोल भरायला चाललो’ म्हणूनच निघतात. पेट्रोल पंप बर्डीवर, वाटेत भाजीबाजार लागतो, त्याला ते काय करणार?

पैशाचं तर विचारूच नका. जुन्या कारच्या नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये लागत. १ एप्रिल २०२२पासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,००० झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. छंदाची गाडी वर्षाला पाचशे किलोमीटर फिरते असं धरा. पाच वर्षांत अडीच हजार. म्हणजे किलोमीटरला चार रुपये नुसते जिवंत राहण्याचे. पेट्रोल, ऑइल आणि बायकोचे टोमणे त्यात धरलेले नाहीत. आणि वीस वर्षांवरची चारचाकी परदेशातून आणलेली असेल तर ८०,०००. आता १९४८ची मॉरिस मायनर ‘परदेशी’ म्हणायची का, हा प्रश्न मला फार आवडतो. ती आली तेव्हा प्रजासत्ताक व्हायचं होतं आणि नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. तिच्या डोळ्यांदेखत हे शहर १९५६मध्ये मुंबई राज्यात गेलं आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आलं. ती जागची हलली नाही. परदेशी कोण?

त्या काळच्या गाड्या विदर्भात आल्या त्या बऱ्याचशा मालगुजारांच्या हौसेनं. १९५१मध्ये मालगुजारी गेली, पण काही वाड्यांत गाड्या राहिल्या. पुढे खात्यांच्या लिलावांतून जीपा मिळायच्या. वनखातं, पाटबंधारे खातं जुनी जीप काढायचं, एखादा हौशी ती उचलायचा, तीन वर्षं खपायचा आणि उभी करायचा. आता तोही झरा आटला. १ एप्रिल २०२३पासून सरकारी गाडी पंधरा वर्षांची झाली की तिची नोंदणी वाढत नाही. ती थेट अधिकृत मोड केंद्रात जाते. इथं सरकारनं स्वतःपासून सुरुवात केली हे मान्य करायला हवं. पण हौशी माणसाच्या तोंडचा घासच गेला.

कागदाचं पुरे, रस्त्यावर येऊ. मे महिना, दुपारचे दोन, व्हरायटी चौक, पारा पंचेचाळीसवर. सिग्नलला एक पद्मिनी (म्हणजे आपली फिएटच) गुरगुरते, दोन आचके देते आणि गप्प होते. मागून हॉर्न. चालक शांतपणे उतरतो, बोनेट उघडतो, डिकीतून बिसलेरीची बाटली आणि एक मळकं पंचं काढतो, पंचं भिजवून इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळतो आणि हाताची घडी घालून उभा राहतो. झालं असं असतं की इंजिनाच्या आचेनं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा द्रव ढकलायला केलेला. वाफ त्याला ढकलता येत नाही. कार्बोरेटर उपाशी राहतो. पाच-सात मिनिटांत पंचं आपलं काम करतं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, चोक न ओढता किल्ली फिरवली की १०८९ सीसीचं इंजिन घसा खाकरून सुरू. तेवढ्यात चौकातले चार सल्लागार जमलेले असतातच.

‘काहून थांबली भाऊ?’

‘पेट्रोल उकळून रायलं बाप्पा.’

‘इकून टाका ना मंग.’

या शेवटच्या वाक्याला जुन्या गाडीवाला उत्तर देत नाही. लग्न झालेला माणूस ‘दुसरी का नाही करत’ या प्रश्नाला देत नाही तसंच.

उन्हाळ्यावर पंचं आहे. इथेनॉलवर काय आहे? पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते २०२५वर ओढलं आणि गाठलंही. उसाला भाव, परकीय चलनाची बचत, सगळं खरं. आणि याही कार्यक्रमाचा देशातला सगळ्यात मोठा आवाज पुन्हा आमच्याच शहराचा. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज फिरणारी गाडी टाकी संपवून मोकळी होते. छंदाची गाडी श्रावणभर पोर्चमध्ये उभी असते आणि नागपूरचा पावसाळा तिच्या टाकीत हळूहळू शिरत राहतो. पाणी तळाशी बसतं, टाकीला आतून गंज धरतो, कार्बोरेटरच्या जेटमध्ये पांढरट गाळ साचतो. जुने रबरी पाइप या पेयासाठी केलेलेच नव्हते. ते फुगतात, मग चिरतात. गरम इंजिनावर चिरलेला पेट्रोल पाइप म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून शहाणे लोक सगळे पाइप बदलून घेतात, जेट एक नंबर मोठा टाकतात आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून ठेवतात. बाकीचे नशिबावर हवाला ठेवतात आणि आग विझवायचं नळकांडं सीटखाली.

इतकं ऐकल्यावर छंदवाल्यांबद्दल फार कळवळा येऊ देऊ नका. मंडळी साधी नाहीत. ‘ओरिजिनल’ हा त्यांचा एकच देव आणि त्याच्या नावानं ते काय काय करतात! वायपरची दांडी ओरिजिनल हवी म्हणून सहा महिने गाडी वायपरविना. जुन्या काळ्या पाटीवरची ॲल्युमिनियमची अक्षरं काढून ७४५ रुपयांची (कर वेगळा) उच्च सुरक्षा पाटी लावायची वेळ आली, तेव्हा एक जण घरात कुणी गेल्यासारखा दोन दिवस जेवला नाही. बायकोच्या माहेरची पितळी समई मात्र त्यानंच मोडीत दिलेली. दुसरी जात त्याहून वाईट: पद्मिनीला भडक लाल रंग, मिश्रधातूची चाकं आणि हजारो रुपयांचं स्टिरिओ लावून फुटाळ्यावर प्री-वेडिंगला भाड्यानं देणारे. यांच्याकडची गाडी मोडीत गेली तर तिला सुटका झाल्यासारखंच वाटेल.

आणि धूर? धूर आहे. नाकारून चालणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली, कार्बोरेटरवर चालणारी गाडी दर किलोमीटरला आजच्या गाडीपेक्षा कितीतरी घाण ओकते. रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून अशा गाड्यांची रांग गेली की फिरायला आलेली मंडळी तोंडाला रुमाल लावतात आणि छंदवाले समजतात की ते हात हलवताहेत. पण मग पैसे धुराचे घ्या ना. धूर मोजायचं यंत्र आहे, किलोमीटर मोजायचा काटा आहे. वर्षाला पाचशे किलोमीटर फिरणारी चाळीस वर्षांची फिएट आणि वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळणारी बारा वर्षांची डिझेल एसयूव्ही, यांत दंड जन्मतारखेला होतो. जन्मतारीख बघणं सोपं, ती कागदावर असते. धूर बघायला बाहेर यावं लागतं. कडबी चौकातल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयातल्या इंजिनांना कुणी जन्मतारीख विचारत नाही, उलट त्यांना बघायला तिकीट काढतो आपण. रेल्वेचं जुनं ते संग्रहालय, माझं जुनं ते भंगार.

मोड केंद्रात दिलीच, तर काय मिळतं? नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगारमोल, नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट आणि कंपन्यांनी मनावर घेतलं तर आणखी थोडी सवलत. म्हणजे भंगारमोल सोडलं तर बक्षीस एकाच अटीवर: नवी घ्या.

खरा घोळ मात्र सरकारच्या आणि इथेनॉलच्याही पलीकडचा आहे. फिएटचे पार्ट मिळत होते ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या जिवावर. रस्त्यावर हजारो असल्या की कुणीतरी कुठेतरी क्लच प्लेट आणि डायनॅमोचे बुश बनवत राहतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरताच, ३० ऑक्टोबर २०२३पासून, बाद झाली. तिच्यामागे पार्टवालेही एकेक करून दुसऱ्या धंद्याला लागले. आणि मिस्त्री? कानानं टॅपेटचा आवाज ओळखणारे, काडीपेटीच्या कडेनं पॉइंटची फट लावणारे आता साठीपुढचे. एकाला विचारलं, मुलगा हे काम शिकला का? तो म्हणाला, ‘त्याले लॅपटॉप लावल्याबिगर गाडी बोलतच नाई. अन् हिले तं लॅपटॉप लावाले भोकच नाई.’

तरीही नवे येतातच. परवा एका चोवीस वर्षांच्या पोरानं १९८६ची मारुती घेतली, सगळी जमापुंजी ओतून. आईला समजावत होता की आणखी दहा वर्षं काढली की २०३६मध्ये व्हिंटेज होते, मग किंमत बघ. माउलीनं नियम वाचलेले दिसत होते. म्हणाली, ‘मंग वरात छत्तीसच्या आधीच काढजो बाप्पा. नंतर रोडवर नेता नाई येनार तिले.’