फ्रेंच कुमक पोहोचली

श्रीरंगपट्टणात टिपू फ्रेंचांच्या कुमकेची वाट पाहत होता. 1798 साली मॉरिशसहून शंभरेक माणसं आली. बाकीची येतात येतात म्हणेपर्यंत 4 मे 1799 उजाडला आणि टिपू पडला. ती उरलेली कुमक आता म्हैसुरात, गोकुळममध्ये दाखल झाली असून तिने आमच्या कोपऱ्यावरची टिफिन रूम काबीज केली आहे. प्रतिकार झाला नाही.

2002 साली पट्टाभी जोइस यांची योगशाळा गोकुळमला आली, मागोमाग काखोटीला चटया मारलेले परदेशी आले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ते बिचारे आमच्या शेजारी बसून इडली खात. फ्रेंच जेवायला येतात ते बंगळुरूचे.

टिफिन रूमचं फ्रेंच रेस्तराँ करणाऱ्या नव्या मालकांनी वारसा मात्र निगुतीने जपलाय. दगडी रगड्यात पूर्वी पीठ वाटत, आता पाणी भरून झेंडू तरंगत सोडलेत. बिलं खोचायची तार काचेच्या चौकटीत गेली. ‘उधार मागू नये’ ही कन्नड पाटी तशीच ठेवून तिच्यावर दिवा सोडलाय. दर पाहता तिची गरज आताच जास्त आहे. काढला तो फक्त दोसा.

त्याच्या जागी कांद्याचं सूप आलं. कांदा तासभर मंद आचेवर परततात म्हणे. तो मी मागवल्यानंतर परतायला घेतात, असा माझा संशय आहे. पण उशिराची परंपरा टिपूपासूनची, बोलणार काय?

कॉफी चिकमगळुरूचीच, फक्त चिकोरी हद्दपार. सवयीने ‘बाय-टू’, म्हणजे एकच कॉफी दोन कपांत, मागितली. मुलगा आत विचारून आला. “दोन कप देतो सार, पण कॉफी दोन घ्याव्या लागतील.”

महाग जेवायची हौस असेल तर ललित महाल आहेच की. 1921 साली तो व्हाइसरॉयसाठीच बांधायला घेतला, पुढे हॉटेल झाला. तिथे माणूस खिसा चाचपूनच पायरी चढतो. टिफिन रूमचा घात केला तो स्तुतीने. कुणीतरी तिला ‘म्हैसूरचा ठेवा’ म्हटलं, मग जो येईल तो तेच म्हणू लागला, आणि ठेव्याचं भाडं टिफिन रूमला परवडेना.

नजरबादेत मायलारी दोसा अजून मिळतो, वर लोण्याचा गोळा, आत भाजी. सकाळी लवकर जा, पोटभर खा, आणि कृपा करून बाहेर कुठे बोलू नका.