निवृत्तीचा मतदारसंघ

निवृत्तीनंतर राहायला गाव कसं हवं, यावर आमच्या घरात तीन जाहीरनामे आहेत. नवऱ्याच्या जाहीरनाम्यात वाचनालय, मासळीबाजार, धर्मनिरपेक्ष वातावरण आणि समविचारी माणसं. माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, जाहीरनाम्यात देऊळ, सकाळची शाखा, भेसळ नसलेलं दूध आणि समविचारी माणसं. दोघांची समविचारी माणसं निराळी, एवढाच काय तो मतभेद. मी बँकेच्या कॅश काउंटरवर जन्म काढलेली बाई. माझा जाहीरनामा एका ओळीचा आहे: रात्री दोन वाजता रिक्षा मिळाली पाहिजे.

हा प्रश्न उभा केला बिल्डरने. डोंबिवलीतली आमची तीन मजली बिनलिफ्टची इमारत पुनर्विकासाला निघाली. बिल्डर दरमहा भाडं देणार आणि तीन वर्षांत नव्या घराची किल्ली हातात ठेवणार. बिल्डरने तीन वर्षं म्हटलं की सत्तरीचा माणूस मनातल्या मनात ऐंशीपर्यंत मोजतो. दादा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटा राहणारा, तोही बेघर होणार. तेव्हा भाडं खायचंच आहे तर बाहेरगावी जाऊन खाऊ, आवडलं तर तिकडेच राहू, असं ठरलं आणि आम्ही दादाच्या गाडीतून गाव शोधायला निघालो.

या दोघांची पूर्वपीठिका सांगायला हवी. १९७७ साली दोघे एकाच पक्षात होते. हे सेवा दलातून आले, दादा शाखेतून, आणि जनता पक्षाचा हलधर शेतकरी दोघांनी मिळून एकाच भिंतीवर रंगवला. त्या भिंतीशी डबा पोचवायला मी जायचे. पुढे दुहेरी सदस्यत्वाच्या वादात १९७९ साली पक्ष फुटला, तेव्हा आमचं लग्न होऊन गेलेलं होतं, म्हणून ते वाचलं. तेव्हापासून दादा गाडीत उजवीकडे बसतो आणि हे डावीकडे बसून त्याच्या चुका काढतात. ही आसनव्यवस्था आरटीओने ठरवलेली आहे, आम्ही नाही.

पहिला मुक्काम दापोली, कारण यांचं मूळ गाव त्या तालुक्यात. पेन्शनरांचं गाव ही दापोलीची ख्याती जुनी. इंग्रजांच्या काळापासून लष्करातून निवृत्त झालेली माणसं कॅम्पात येऊन राहत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळसुद्धा पेन्शनीत निघाल्यावर मुलाबाळांना घेऊन इथेच आले होते, मग साताऱ्याला गेले. साने गुरुजी पालगडचे, महर्षी कर्वे मुरुडचे, लोकमान्यांचं मूळ गाव चिखलगाव. वाटेतला प्रत्येक फाटा आला की हे एक नाव सांगत आणि दादा दुसरं. एका तालुक्यात इतकी मोठी माणसं झाली आणि बहुतेक सगळी कर्तृत्व दाखवायला बाहेर गेली, ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली.

यांचे आजोबा खोत. ही गोष्ट घरात फारशी बोलली जात नाही, कारण यांनी तरुणपणी ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेवर घसा बसवलेला. खोती १९४९च्या कायद्याने गेली आणि उरलेल्या जमिनीचे मालक १ एप्रिल १९५७ला कुळं झाली. त्या दिवसाला कृषक दिन म्हणतात. तारीख सरकारने विचारपूर्वक निवडली असावी, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या.

आता त्या जमिनीवर कुळाचा नातू भेटला. चांगला मुलगा. अंगणात कोकम सरबत दिलं, खोतांचे नातू आले म्हणून खुर्ची पुसून दिली, आणि मग मोबाइलवर नकाशा काढून प्लॉट दाखवायला लागला. आजोबांनी कसलेली जमीन नातवाने बिनशेती करून तुकडे पाडले होते. टेकाडावर उभं राहून, टाचा उंचावून, मान डावीकडे वळवली की समुद्र दिसत होता. त्याला सी-व्ह्यू म्हणायचं आणि त्याचे पैसे वेगळे. गुंठ्याचा भाव ऐकून हे त्याच खुर्चीत बसले.

“प्लॉट नको, थोडी शेतजमीन दे. भात लावू, चार कलमं लावू,” हे म्हणाले.

“काका, तुम्ही शेतकरी आहात का? तसा दाखला लागतो. कूळकायद्याचं कलम ६३. शेतकरी नसेल त्याला शेतजमीन घेता येत नाही.”

हे गप्प. ज्या कायद्यासाठी आयुष्यभर भाषणं केली, त्यानेच आजोबांचं नाव सातबाऱ्यावरून पुसलं होतं आणि आता नातवाला दारातून परत पाठवत होता. दादाने चाळीस वर्षं या क्षणाची वाट पाहिली असणार. तो सरबताचा पेला खाली ठेवून अत्यंत प्रेमाने म्हणाला, “जावईबापू, कसेल त्याची जमीन. तुम्ही कसता का?”

यांनी तत्त्व सोडलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. कायदा बरोबरच आहे, म्हणाले. फक्त आवाज जरा बारीक होता.

त्या मुलाच्या पडवीत तीन पक्षांचे झेंडे गुंडाळून ठेवलेले होते. कोणत्या पक्षाचा, म्हणून दादाने विचारलं, तर म्हणाला, पावसात बागेवर ताडपत्री कमी पडते. मग त्याने २०२०च्या निसर्ग वादळाची हकिकत सांगितली. तीन जूनला दुपारी वारं सुटलं आणि पन्नास वर्षांची सुपारी आडवी झाली. वादळातून राहिलेलं वानर नेतात, वानरांतून राहिलेलं बाजारात जातं. रात्री रिक्षा? तो हसला आणि अंधाराकडे बोट दाखवलं. माझ्यापुरती दापोली तिथे संपली.

रत्नागिरीत थांबलो ते थिबा राजवाडा पाहायला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि रत्नागिरीला आणून ठेवलं. तीसेक वर्षं सरकारी तैनातीवर काढून तो इथेच १९१६ साली वारला. राजवाडा मिळाला तो १९१०च्या सुमारास, म्हणजे त्यालाही घराचा ताबा उशिराच मिळाला. तैनात पुरत नाही म्हणून तो सरकारला अर्जांवर अर्ज करायचा. सक्तीने झालेला का होईना, पेन्शनरांचा मूळपुरुष वाटला मला तो. त्या लाकडी गच्चीत उभं राहून मी मनातल्या मनात त्याला महागाई भत्त्याबद्दल सहानुभूती कळवली. तेवढ्यात दादाने सावरकरांचा विषय काढला. १९२४ ते १९३७ जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही, या अटींवर सावरकर इथे होते. हे म्हणाले, पतितपावन मंदिर आणि सहभोजनं यांना माझा पाठिंबा आहे, बाकी चर्चा गाडीत करू. ती चर्चा राजापूरपर्यंत चालली. राजकारण करायचं नाही ही अट मागच्या सीटवरून दोघांना घालता आली असती तर मी रत्नागिरी पसंत केली असती.

गोवा हे यांचं माहेर. लोहियांनी १८ जून १९४६ला मडगावात सभा घेतली, १९५५चे सत्याग्रही, नानासाहेब गोरे, मधू लिमये, त्यांचे तुरुंगवास, सगळं मला पाठ आहे. शिवाय मासळी. यांनी जातिनिर्मूलनाला सुरुवात सुरमईपासून केली आणि अजून पापलेटपर्यंत पोचलेत. दादाला गोवा वेगळ्या कारणाने पटला: सर्व धर्मांना एकच दिवाणी कायदा, तो पोर्तुगिजांच्या वेळचा, आणि फोंड्याच्या आसपास मंगेशी, शांतादुर्गा. एका गावावर दोघे खूश झालेले पाहून मला काळजीच वाटली.

फोंड्याला एका घराचा वरचा मजला भाड्याने होता. मालकीणबाई साठीच्या, पुढ्यात मराठी दैनिक, आत सुनेशी कोकणी. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात त्यांचे वडील फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा म्हणणारे, आणि आई दोन पानांवर, म्हणजे गोवा वेगळाच ठेवा म्हणणारी. चौतीस हजारांच्या फरकाने दोन पानं जिंकली. “त्या दिवशी आईने खीर केली, पप्पांनी मीठ मागितलं,” बाई म्हणाल्या. पण पुढे संसार रीतसर झाला.

मग त्यांनी फार गोड शब्दांत आमची वर्गवारी केली. आम्ही भायले. बाहेरून येतात, मागेल त्या भावाने घरं घेतात, सहा महिने कुलूप लावून ठेवतात, पाणी, रस्ते, कचरा सगळ्यावर ताण आणतात, आणि वर आल्या आल्या सूचना करायला लागतात. हे भाषण ऐकताना दादा अस्वस्थ झाला. कारण हेच, शब्दाला शब्द, तो डोंबिवलीत आपल्या गॅलरीत उभं राहून स्टेशनकडून येणाऱ्या गर्दीकडे पाहत म्हणत असतो. दोन्हीकडची बाजू एकाच माणसाला सुटणारी नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. यांनी मात्र आल्या आल्या सूचना केलीच: दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवण्याऐवजी पाळी लावावी. बाईंनी दैनिकाची घडी घातली. आम्ही उठलो.

चोर्ल्याचा घाट चढून बेळगाव. हवा अशी की माझा गुडघा आपणहून दुमडला. कुंदा खाल्ला. १९२४च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा पाहिली, गांधीजी अध्यक्ष झाले असं हे एकच अधिवेशन, म्हणून हे तिथे टोपी काढून उभे राहिले. दादाने टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग इथे काढल्याचं सांगून बरोबरी साधली. मग एका गृहस्थांच्या घरी चहा झाला. साऱ्या भिंतीवर सीमाप्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला काळा दिन. महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल, २००४ला सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा, २०१४ला बदललेलं गावाचं नाव. गृहस्थ पंचाहत्तरीचे, लाठीचा मार आठवणीत ताजा.

“राहा की,” ते म्हणाले. “घर बघून देतो. खरं एक नोव्हेंबरला कुठं गावाला जायचं नाही. मोर्चाला माणूस कमी पडतंय.”

इथे गोंधळ झाला. हे म्हणाले, बेळगाव महाराष्ट्रात आलंच पाहिजे. दादा म्हणाला, आलंच पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राच्या समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघ सगळे मांडीला मांडी लावून बसले होते, त्याची आठवण दोघांनी एकमेकांना करून दिली. हातात हात घेतले. गाडीत बसलो, आणि संकेश्वरापर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. बोलायला काही राहिलंच नव्हतं. यांनी दोनदा रेडिओ लावून पाहिला. दादाने विनाकारण हॉर्न वाजवला. संकेश्वराशी मीच घाबरून आणीबाणीचा विषय काढला, पण त्यावरही दोघांचं एकमत निघालं. असल्या शांततेत म्हातारपण काढायचं म्हणजे दोघेही वर्षभरात आजारी पडणार, हे मला दिसत होतं.

कोल्हापूरचा विचार आम्ही जेवणापुरता केला. तिथे माणूस निवृत्त होतो यावर माझा विश्वास नाही. ज्या खानावळीत पांढरा रस्सा प्यायलो तिथला ऐंशीचा मालक वेटरला ओरडून शिकवत होता आणि मधूनच आम्हालाही.

शेवटी वाई. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, वर पाचगणीची हवा, खाली हळदीचा बाजार. मराठी विश्वकोशाचं कार्यालय इथे, कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले. या एका माणसात दोघांची सोय आहे. दादाला प्राज्ञपाठशाळेत घडलेले वेदशास्त्रसंपन्न शास्त्री मिळाले. यांना मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी मिळाले, ज्यांनी गांधीजींच्या मुलाचं राजाजींच्या मुलीशी आंतरजातीय लग्न लावून दिलं. अर्धे अर्धे वाटून घेतले आणि दोघे तासभर भांडले, कोणता अर्धा मोठा यावर. रंग परत आला चेहऱ्यांवर.

संध्याकाळी घाटावर पेन्शनरांचे तीन बाक पाहिले. एका बाकावर एका बाजूचे, समोरच्यावर दुसऱ्या बाजूचे, मध्ये दोन हात अंतर, म्हणजे टोमणा पोचतो आणि छत्री पोचत नाही. हे आणि दादा आपापल्या बाकावर न विचारता जाऊन बसले, आणि पाच मिनिटांत दोघांनाही बोलावं लागलं. तिसरा बाक गुडघेवाल्या बायकांचा. तिथे मला खरी माहिती मिळाली. सातारा तासाच्या आत. स्टँडवर रात्रीचे दोन रिक्षावाले असतात, पैकी एक पिऊन नसतो, त्याचा नंबर त्यांनी लिहून दिला. कामाला बाई मिळते, पण सत्यनारायण, लग्नं आणि जत्रा सोडून.

घरही तिसऱ्या बाकानेच दाखवलं. तळमजला, दोन खोल्या दादाला, तीन आम्हाला, अकरा महिन्यांचा करार. मालक चाळिशीचा, पांढरा शर्ट, दोन फोन. भाडं त्याने सांगितलं ते ऐकून दादाने कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, करतो, पण मतदारयादीतली नावं इकडे आणा. नगरपालिकेला उभा राहतोय, प्रभागात चुरस आहे, तीन मतं म्हणजे थोडी नव्हेत.

“पक्ष कोणता?” दोघांनी एकदम विचारलं.

“ते तिकीट मिळाल्यावर सांगतो. तुमची काही अट असली तर आत्ता बोला.”

यांनी मत ही विकायची वस्तू नाही यावर बोलायला सुरुवात केली. दादाने त्याला शर्टाच्या बाहीला धरून बाजूला नेलं आणि कोणत्या पक्षाचं तिकीट घ्यावं ते सांगायला लागला. हे भाषण अर्धवट टाकून त्यांच्यामागे धावले. मालक दोघांच्या मधून मान काढून माझ्याकडे बघत म्हणाला, “काकू, तुमचं मत काय?”

“आधी नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगा,” मी म्हटलं.