ब्याण्णवकाका

लेस्टरमध्ये गणपतीला जमणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत एक काका आहेत. ‘‘यंदाही ब्याण्णव टक्के!’’ असं त्यांनी पहिल्यांदा जाहीर केलं, तेव्हा शेजारच्या मावशींनी पेढे मागितले. लेक परीक्षेला बसली असणार, हा त्यांचा सरळ हिशोब. ‘‘तसं नव्हे हो, विजेवर,’’ काका म्हणाले. तेव्हापासून ते ब्याण्णवकाका.

काका नान भाजणाऱ्या एका कारखान्यात एनर्जी मॅनेजर आहेत. ब्रिटिश सरकारने एप्रिल 2001 पासून उद्योगांच्या विजेवर आणि गॅसवर ‘क्लायमेट चेंज लेव्ही’ नावाचा कर बसवला आणि त्याच दमात तो चुकवायची सरकारमान्य पळवाटही काढून दिली. ऊर्जा वाचवण्याचा करार करा, ठरलेलं टार्गेट गाठा आणि सूट घ्या. आज विजेच्या लेव्हीवर ती 92 टक्के आहे. सुरुवातीला 80 होती. हे सांगताना काकांचा सूर ‘आमच्या वेळी ऐंशी म्हणजे डोक्यावरून पाणी’ असा लागतो. त्यांच्याकडे वीज किती जळते ते काका सांगत नाहीत. पण कोटीभर युनिट धरली, तर सुमारे 80 हजार पौंडांची लेव्ही 6,400 वर येते. एवढ्या पैशांसाठी माणूस थोडा विक्षिप्त झाला, तर कंपनी त्याला पगारवाढच देणार.

गळती शोधणं हा काकांचा खरा छंद. कारखान्यात दाबाखालच्या हवेचे पाइप असतात. त्यांना सुईएवढं भोक पडलं तरी कॉम्प्रेसर रात्रभर धापा टाकत राहतो. म्हणून काका सुट्टीच्या दिवशी, यंत्रं बंद असताना, कान लावत हिंडतात आणि ‘फुस्स’ ऐकू आलं की तिथे साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात. गेल्या गणपतीत ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ऐन रंगात आलेली असताना त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पेटीचा भाता गळत होता. साबण आणायला निघालेल्या काकांना दोघांनी धरून बसवलं.

त्यांच्या कारखान्याचं टार्गेट एकूण ऊर्जेचं नाही, टनामागचं आहे. म्हणजे एक टन नानला किती युनिट लागली, ते. शाळेतल्या अपूर्णांकासारखंच : अंश कमी करा, नाहीतर छेद वाढवा. भट्टी तापवायला जे लागायचं ते लागतंच, मग शंभर नान काढा की हजार. ही विद्या काकांनी घरी आणली. जिन्याखालच्या कपाटात गॅसचा मीटर आहे. काकू तवा ठेवतात तेव्हा काका टॉर्च घेऊन तिथे वाकलेले असतात. आठ पोळ्यांसाठी तवा तापवणं त्यांच्या लेखी पाप. त्यामुळे दर बुधवारी कुणाला तरी जेवायला बोलावणं जातं. इतकं अगत्यशील घर गावात दुसरं नाही. आम्ही सगळे त्यांचे छेद आहोत.

‘‘अहो, घरच्या विजेला-गॅसला ही लेव्ही लागतच नाही,’’ काकूंनी एकदा आमच्यादेखत सांगितलं. हे खरंच आहे. घरगुती वापर त्यातून वगळलेला आहे. ‘‘म्हणजे तुमचे ब्याण्णव टक्के शून्यावर.’’

काकांनी तेवढ्यापुरता विषय दंडाकडे वळवला. टार्गेट हुकलं तर कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे 25 पौंड भरायचे, की करार शाबूत. दक्षिणा ठेवून प्रायश्चित्त घ्यावं, तसंच. लेकीच्या खोलीत रात्रभर दिवा राहतो, तर तिलाही हाच दर लावायचा असं ठरलं. काकांनी कागद काढला. दहा वॅटचा दिवा, आठ तास, म्हणजे साधारण सोळा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दंड झाला पेनीचा पंचविसावा भाग. पोरीने टेबलावर एक पेनी ठेवली आणि म्हणाली, ‘‘बाबा, पंचवीस रात्रींचे ॲडव्हान्स.’’

परवाच्या बुधवारी आम्ही चौघं गेलो होतो. पोळ्या मोजून एकतीस झाल्या. काका खूश. निघताना आपल्या रीतीप्रमाणे दारात गप्पा सुरू झाल्या. बाहेर थंडी कडाक्याची, दार सताड उघडं, आत बॉयलर पेटल्याचा आवाज. काकांचा चेहरा बघवेना. पाहुण्यांना ‘आता निघा’ कसं म्हणायचं? शेवटी ते स्लिपर घालून स्वतःच बाहेर आले आणि मागे दार ओढून घेतलं. खट्. किल्ली आत.

काकांनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. जरा वेळाने पत्रं टाकायच्या फटीतून काकूंचा आवाज आला :

‘‘उघडते हो, पण आधी तुमची ती उष्णता किती जाईल ते सांगा.’’