रा. रा. फॉरवर्डरावांस



आमच्या जिल्ह्याची बातमी आपण ग्रुपवर टाकलीत, उपकार झाले. बातमी होती तशीच होती. वर एक ओळ मात्र खास आपली: ‘वाघाच्या घरात घुसली की असंच होणार!’ बातमीतली बाई मोहफुलं वेचायला ‘गेली’ होती. आपण तिला ‘घुसवली’. खटला, निकाल, शिक्षा, सगळं एका क्रियापदात उरकलंत. कोर्टांनी धडा घ्यावा.

आता ती ‘घुसते’ कशी, तेही ऐका. चैतात मोह रात्रीतून गळतो. ढोरं यायच्या आत, अंधारातच टोपली घेऊन झाड गाठायचं आणि वाकून एकेक फूल उचलायचं. दोन-दोन तास पाठ सरळ होत नाही. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, असं इथले जाणते सांगतात. झाड बहुतेक आजेसासूच्या वेळेपासून त्या घराचं. वर २००६ च्या वनहक्क कायद्यानं फुलं वेचायचा हक्कही दिलेला. म्हणजे घुसखोरी झाली ती कायद्याला धरून!

विशेषणांबद्दलही आभारी आहे. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघालेला हा जिल्हा बिनआडनावाचा होता. ‘नक्षलग्रस्त’ हे आडनाव आपण लावलंत. बातमी धानाची असो की झाडीपट्टीच्या नाटकाची, आडनाव आधी. आम्ही कधी ‘कोयतागँगग्रस्त पुणे’ लिहीत नाही. तिकडचा भाचा रुसतो.

दया आली की आम्ही ‘भोळेभाबडे आदिवासी’. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावच्या भोळ्या गोंडांनी २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. तिथं विषय आधी अभ्यासगटात समजून घेतात, मग सगळ्यांचं एकमत होईस्तोवर ग्रामसभा बोलत राहते. आपल्या ग्रुपवर बातमी पडते न पडते तोच अंगठा. उघडून वाचायची भानगड नाही.

तसा मीही धुतल्या तांदळाचा नाही. २०२२ मध्ये वडशाकडच्या सीटी-१ वाघाचं प्रकरण पेटलं होतं, तेव्हा ‘नरभक्षकाला गोळ्या घाला’ ही ओळ माझीच. वनखात्यानं त्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातलं. ओळ मी खोडली नाही. तिला चाळीस अंगठे आले होते ना!

आपला,
एक ग्रस्त

ता. क. हे पत्र पुढं ढकलताना वर काय लिहिणार, तेवढं आधी कळवा. म्हणजे मी काय लिहिलंय ते मलाही कळेल.